लघवीत साखर, रक्तात नाही

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"डॉक्टर, माझं वय ४७, वजन ५४ किलो. दहा वर्षांपासून एचआयव्हीची औषधं चालू आहेत. गेली आठ वर्षं व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) 'दिसत नाही' असाच येतो. आधी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि इफाविरेन्झ अशी तीन औषधांची एक गोळी होती. तीन वर्षांपूर्वी इफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राविर आलं. तेव्हा क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) ०.९ होतं, दीड महिन्यात १.१ झालं आणि वर्षभर तिथेच राहिलं. मग १.२, आणि आता १.४. लघवीत साखर दोन प्लस, प्रोटीन एक प्लस. थोरल्या भावाने किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. भाऊ शेजारीच बसला होता, त्यामुळे एचआयव्हीचं काहीच बोललो नाही. डॉक्टरांनी मधुमेह असेल म्हणून तपासण्या सांगितल्या, पण उपाशीपोटी साखर ९२ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.४ आलं. आता ते बायोप्सी करू म्हणताहेत. वर्षभर नडग्या आणि बरगड्या दुखतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं. दुखण्यासाठी आठवड्यातून चार-पाच वेळा डायक्लोफेनॅक घेतो. एका ओळखीच्याने सांगितलं की किडनी बिघडली की एचआयव्हीची गोळी एक दिवसाआड देतात, म्हणून तीन आठवडे मी तशीच घेतोय. विषाणू माझी किडनी खातोय का? डायलिसिस लागेल का? रोज पाच लिटर पाणी पितो, ते तरी बरोबर आहे ना?"

नमस्कार.

पत्राच्या शेवटाकडून सुरुवात करतो, कारण घाई तिथे आहे. एचआयव्हीची गोळी आजपासून पुन्हा रोज घ्या. उद्या सकाळी तुमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, फोन करून दोन गोष्टी स्पष्ट सांगा: तीन आठवडे एक दिवसाआड घेतली, आणि क्रिएटिनिन १.४ झालंय, लघवीत साखर आहे. गोळी बदलायची वेळ बहुधा आलीच आहे, पण बदल ते करतील. त्यांनी दुसरं काही सांगेपर्यंत रोजची गोळी चुकवू नका. मधल्या काळात उलट्या-जुलाब लागले, लघवी कमी झाली किंवा अंगावर सूज आली, तर फोनवर विसंबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुमच्या ओळखीच्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते घातक ठरलं. किडनीचं काम ठरावीक मर्यादेखाली गेलं की टेनोफोविर ४८ तासांतून एकदा द्यावं, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकात खरंच आहे. पण ते एकट्या टेनोफोविरपुरतं. तुमच्या गोळीत आणखी दोघं जण बसलेत. डोल्युटेग्राविर रक्तात सुमारे १४ तासांत निम्मं होतं, म्हणजे ४८ तासांनी त्याचं फारसं काही उरत नाही. एकाचा डोस कमी करायला गेलात आणि तिघांचा पहारा उठवून बसलात. तुमच्या १.४ या आकड्यावरून किडनीचं काम, म्हणजे इजीएफआर, साधारण ६२ येतं. एक दिवसाआडची सूचना मात्र इजीएफआरवर चालत नाही, वजन धरून काढलेल्या क्रिएटिनिन क्लिअरन्सवर चालते, आणि तिचा टप्पा आहे ३० ते ४९. तुमचा तो आकडा ५० च्या आसपास, म्हणजे अगदी काठावर येतो, म्हणून डोसचा निर्णय एआरटी केंद्रानेच घ्यायचा.

औषधांना सुट्टी देऊन शरीराला विश्रांती मिळते का, हे मोठ्या प्रमाणावर तपासून झालंय. २००६ साली 'स्मार्ट' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) बघून औषधं थांबवायची आणि पुन्हा सुरू करायची, असं ज्यांच्या बाबतीत केलं, त्यांच्यात मृत्यू तर वाढलेच, शिवाय हृदय, यकृत आणि किडनीचे गंभीर आजारही जास्त निघाले. किडनी वाचवायला म्हणून औषध सोडणाऱ्याने हे जरूर लक्षात घ्यावं. या तीन आठवड्यांमुळे व्हायरल लोड आता एकदा तपासून घ्यायला हवा. तो बहुधा ठीक येईल. पण बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही.

आता तुमच्या क्रिएटिनिनकडे येऊ. या आकड्याची चढण दोन वेगळ्या कारणांनी झाली असावी, असं मला वाटतं. तुम्ही मात्र ती एकच धरून घाबरलात.

पहिली चढण ०.९ वरून १.१. ती डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर दीड महिन्यात झाली आणि वर्षभर तिथेच थांबली. हे अगदी ठरल्यासारखं घडतं. क्रिएटिनिन शरीरातून दोन वाटांनी बाहेर पडतं. बरंचसं किडनीच्या गाळण्यांतून गाळलं जातं, आणि थोडंसं पुढच्या नळ्या रक्तातून उचलून लघवीत टाकतात. डोल्युटेग्राविर ही दुसरी, छोटी वाट अडवतं. गाळणं पूर्वीइतकंच चालू असतं, पण रक्तातलं क्रिएटिनिन ०.१ ते ०.२ ने वाढलेलं दिसतं. कागदावर इजीएफआर १०७ वरून ८४ वर आलेलं दिसलं असेल. त्यात किडनीचं खरं नुकसान जवळजवळ काहीच नाही. एचआयव्हीच्याच उपचारातली कोबिसिस्टॅट, बिक्टेग्राविर आणि जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं ट्रायमेथोप्रिमही अशीच फसवणूक करतात. अशा वेळी रक्तातल्या सिस्टॅटिन सी नावाच्या प्रोटीनची तपासणी उपयोगी पडते, कारण ते या वाटेने जातच नाही.

पण डोल्युटेग्राविरचा हा खेळ पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच संपतो. पुढच्या दोन वर्षांत १.१ चे १.४ झाले, त्याचं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. ही दुसरी चढण खरी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तिचा सुगावा क्रिएटिनिनपेक्षा लघवीतल्या साखरेत आहे.

लघवीच्या पट्टीवर रंगीत चौकोन असतात, तुम्ही पाहिले असतील. साखरेचा चौकोन निळसर असतो, साखर लागली की हिरवा आणि जास्त असली की तपकिरी होतो. तो तपकिरी झाला की बघणाऱ्याच्या तोंडून 'शुगर' निघून जातं. हीच चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सडपातळ गृहस्थांना मी दोन महिने गोड बंद करायला लावलं. रक्तातली साखर दर वेळी नॉर्मल. ते बिचारे प्रामाणिकपणे पथ्य पाळत राहिले, आणि लघवीत साखर येतच राहिली. त्यांच्या गोळ्यांची डबी शर्टाच्या खिशात होती, वरचं लेबल खरवडून काढलेलं. मी डबी पाहिली होती. विचारलं मात्र नाही.

रक्तातली साखर ९२ असताना ती लघवीत कशी उतरते? आपल्या दोन्ही किडन्यांच्या गाळण्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं गाळण्यांच्या पुढच्या नळ्या परत रक्तात ओढून घेतात. साखरच म्हणाल तर रोज १८० ग्रॅमच्या आसपास गाळली जाते, आणि निरोगी माणसात पट्टीला कळेल एवढीही लघवीत उरत नाही, इतक्या चोख या नळ्या असतात. रक्तात साखर खूप वाढली तर त्यांची ताकद अपुरी पडते, तो मधुमेह. पण रक्तात साखर नेमकी असूनही ती लघवीत सांडत असेल, तर बहुधा बिघाड नळ्यांतच आहे. (मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या मुद्दाम लघवीवाटे साखर काढतात. तुम्ही त्या घेत नाही, म्हणून तो प्रश्न नाही.)

आणि नेमक्या याच नळ्यांच्या सुरुवातीच्या भागाला टेनोफोविर त्रास देऊ शकतं. नळीच्या पेशी ते रक्तातून आत ओढतात आणि लघवीत सोडतात. काहींच्या बाबतीत आत येणारं जास्त आणि बाहेर जाणारं कमी होतं, औषध पेशीत साठतं आणि तिला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया मार खातात. दमलेली पेशी मग हातातल्या वस्तू खाली टाकू लागते: साखर, फॉस्फेट, बायकार्बोनेट, बारीक प्रोटीनं. याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. टेनोफोविर घेणाऱ्या बहुतेकांना हे कधीच होत नाही, हे ठासून सांगतो, नाहीतर हे वाचून उद्या चार जण आपापल्या गोळ्या बंद करतील. पण कमी वजन, वाढतं वय, बरीच वर्षं चाललेलं औषध आणि जोडीला दुखण्याच्या गोळ्या, हे एकत्र आलं की धोका वाढतो. तुमच्या पत्रात यातलं जवळजवळ सगळं आहे.

आता तुमच्या नडग्या. फॉस्फेट लघवीतून वाहून गेलं की हाडांना ते पुरत नाही. हाडं मऊ पडतात, नडग्या-बरगड्या ठणकतात, मांड्यांतली ताकद जाते. जिना चढताना मांड्या भरून येतात असं तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र त्या ओळीवर थांबलो. म्हणजे क्रम बहुधा असा झाला असावा: औषधाने नळ्या दमल्या, नळ्यांनी फॉस्फेट सांडलं, हाडं दुखू लागली, आणि त्या दुखण्यावर तुम्ही डायक्लोफेनॅक घेतलंत, जे टेनोफोविरसोबत किडनीला आणखीच महागात पडतं. ते आजपासून बंद. आयब्युप्रोफेन आणि त्या जातीच्या बाकी गोळ्याही नकोत. फारच ठणकलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून आणि सांगितलेल्या मात्रेत.

ही सगळी तुमच्या पत्रावरून बांधलेली अटकळ आहे. ती खरी की खोटी हे चार-पाच साध्या तपासण्यांतून कळेल. रक्तातलं फॉस्फेट सगळ्यांत आधी. मोठ्या माणसात ते साधारण २.५ ते ४.५ असतं, आणि तुमचं त्याखाली आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. सोबत पोटॅशियम, बायकार्बोनेट, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व. लघवीची तपासणी करताना अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) आणि एकूण प्रोटीन, दोन्हींचं क्रिएटिनिनशी प्रमाण एकाच नमुन्यातून मागा. पट्टीला मुख्यतः अल्ब्युमिन दिसतं, नळ्यांतून सांडणारी बारीक प्रोटीनं तिच्या नजरेतून सुटतात. एकूण प्रोटीन बरंच आणि त्यातलं अल्ब्युमिन थोडंसंच असेल, तर बोट गाळण्यांकडे न जाता नळ्यांकडे जातं. रक्तदाब आणि किडनीची सोनोग्राफी तर होईलच. आणि हिपॅटायटिस बी तपासलेला नसेल तर तो हवाच. का ते पुढे येतं.

विषाणू किडनी खातोय का, असं विचारलंत. असा आजार आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्क आणि मायामीच्या डॉक्टरांनी त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. त्यात विषाणू किडनीच्या पेशींतच शिरतो, लघवीतून भरमसाट प्रोटीन जातं आणि उपचार नसेल तर काही महिन्यांत किडनी निकामी होते. तो प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांत दिसतो. त्याचं कारण २०१० मध्ये कळलं: एपीओएल१ नावाच्या जनुकाचे दोन प्रकार. ते त्या लोकसंख्येत टिकले कारण निद्रारोगाच्या एका परजीवीपासून ते संरक्षण देतात. एका रोगापासून वाचवणारी देणगी दुसऱ्या रोगात अशी उलटली. या आजाराचा मुख्य उपचार म्हणजे एचआयव्हीची औषधंच. आठ वर्षं व्हायरल लोड दिसत नाही आणि प्रोटीन एकच प्लस, अशा माणसात मी त्याचा विचार शेवटी करेन. औषधं चुकवत राहिलात तर मात्र विषाणूला ती वाट मोकळी होते.

आता अवघड भागाकडे येतो. किडनीच्या डॉक्टरांना तुम्ही एचआयव्हीचं सांगितलं नाही, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी काहीच चुकीचं केलेलं नाही. रोज टेनोफोविर घेणारा माणूस त्यांच्यासमोर बसलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. मग त्यांना दिसला तो कारण नसलेला बिघाड, आणि कारण सापडेना की आम्ही बायोप्सीपर्यंत जातो. औषधाचं नाव कळल्यावर कदाचित ते म्हणतील की बायोप्सी आता नको, आधी गोळी बदलून दोन महिने बघू. कदाचित तरीही करू म्हणतील. पण तो निर्णय पूर्ण माहितीवर व्हायला हवा, कारण किडनीत सुई घालणं ही काही गंमत नाही.

भावासमोर बोलायला नको वाटतं, हे मला समजतं. सांगायचं की नाही आणि कधी, हे तुमचं तुम्ही ठरवाल. डॉक्टरांना कळायला भावाला कळावं लागत नाही. आत जाण्याआधीच नर्सला किंवा मदतनिसाला सांगा, "तपासणीच्या वेळी मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय." आम्हाला अशी विनंती रोज कोणी ना कोणी करतं, तिचं कुणाला नवल वाटत नाही. शब्द अडत असतील तर घडी केलेल्या कागदावर लिहून न्या: 'दहा वर्षांपासून एचआयव्हीची औषधं, त्यात टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम, तीन वर्षांपासून डोल्युटेग्राविर, व्हायरल लोड दिसत नाही, डायक्लोफेनॅक वर्षभर, भावाला माहीत नाही.' शेवटचे तीन शब्दही लिहा, म्हणजे फाइल कुणाच्या हातात द्यायची आणि फोनवर काय बोलायचं याचं भान डॉक्टर ठेवतील. आणि त्यांच्या रिपोर्टची एक प्रत एआरटी केंद्रात पोहोचवा. आज एका टेबलावर क्रिएटिनिन आहे आणि दुसऱ्या टेबलावर गोळीचं नाव. दोन्ही एका टेबलावर आली असती, तर हे सहा महिने आधीच सुटलं असतं.

गोळी बदलायची तर काय? पर्याय आहेत, आणि चांगले आहेत. टेनोफोविरचाच अलाफेनामाइड नावाचा नवा प्रकार २०१५ पासून वापरात आहे. त्याने रक्तातलं टेनोफोविरचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी कमी राहतं, म्हणून नळ्यांवर भार बराच कमी पडतो. पण नळ्या एकदा दुखावल्या असतील तर बरेच डॉक्टर टेनोफोविरला पूर्णच निरोप देणं पसंत करतात. मग अबाकाविरचा विचार होतो. त्याआधी एचएलए-बी ५७०१ ही रक्ततपासणी लागते, कारण ते जनुक असलेल्यांना अबाकाविरची जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. हृदयविकाराचा धोका असेल तरही ते टाळतात. किंवा डोल्युटेग्राविर आणि लॅमिव्हुडिन अशी दोनच औषधं पुरतात का, हे पाहिलं जातं. इथेच हिपॅटायटिस बी आडवा येतो. टेनोफोविर त्यालाही दाबून ठेवतं. तो अंगात असताना टेनोफोविर अचानक काढलं तर यकृताचा आजार उसळतो, कधी कधी भयानक उसळतो. तेव्हा दुसरी सोय केल्याशिवाय ते काढता येत नाही. स्वतःहून गोळी बंद करू नका, असं मी इतक्यांदा म्हणतो, त्यात हेही एक कारण आहे.

बदल झाल्यावर फॉस्फेट आणि लघवीतली साखर सहसा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारतात. हाडांचं दुखणं त्याहून सावकाश जातं. क्रिएटिनिन पुन्हा ०.९ होईल अशी आशा मात्र धरू नका. डोल्युटेग्राविर चालू राहिलं तर त्याचे ते खोटे दोन-दशांश तसेच राहतील, आणि खऱ्या नुकसानातलं थोडं कायमचंही राहू शकतं.

डायलिसिस? ६२ आणि डायलिसिस यांच्यात खूप अंतर आहे. तो विचार साधारण १५ च्या खाली आणि त्रास सुरू झाल्यावर येतो. कारण वेळीच काढलं तर तिथवर जायची वेळ यायची नाही, असंच मला वाटतं. तुमच्या मनातली भीती कदाचित वेगळी असेल: एचआयव्ही असताना कुणी डायलिसिस करेल का? करतात. एचआयव्हीसाठी वेगळं मशीनही लागत नाही, नेहमीची काळजी पुरते. वेगळ्या मशीनचा नियम आहे तो हिपॅटायटिस बीसाठी. किडनी प्रत्यारोपणही होतं. २००८ मध्ये तर दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही असलेल्या मृत दात्यांच्या किडन्या एचआयव्ही असलेल्या रुग्णांना बसवायला सुरुवात झाली.

पाच लिटर पाण्याने किडनी धुऊन निघत नाही. तहानेनुसार प्या. रात्री तीनदा उठण्यात त्या पाच लिटरचाही वाटा आहे, आणि नळ्यांच्या दुखण्याचाही असू शकतो, म्हणून पाणी कमी केल्यावरही तसंच चालू राहिलं तर डॉक्टरांना सांगा. घटक न लिहिलेली पावडर किंवा चूर्णं कुणी 'किडनीसाठी' म्हणून आणून दिली तर ती घेऊ नका.

रक्त द्यायला जाल तेव्हा आदल्या दिवशी मांसाहार आणि दमवणारा व्यायाम टाळा, दोन्हींनी क्रिएटिनिन थोडं वर दिसतं. प्रयोगशाळा शक्यतो तीच ठेवा. फॉस्फेटचा आकडा हातात आला की मला कळवा, आणि त्या दिवशीचं वजनही लिहा.